काश्यप वाटेतून परतू नये

नागपंचमीच्या निमित्ताने सर्पदंशाविषयी

श्रावण शुद्ध पंचमीचा दिवस उजाडला की आपल्याकडील घरांचा नित्यक्रम बदलतो. त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, विळीवर भाजी चिरली जात नाही, शेतात औत चालत नाही आणि कुदळीचा घाव जमिनीवर पडत नाही. पाटावर किंवा भिंतीवर गंधाने नागाची आकृती रेखून सुवासिनी तीस दूर्वा, लाह्या, दूध अर्पण करतात. पुरणाची दिंडे उकडून नैवेद्य दाखवतात. आदल्या दिवशी कित्येक घरी भावाचा उपवास असतो. ज्याच्या एका दंशाने घर ओसाड होऊ शकते, त्यालाच भाऊ मानून त्याच्यापाशी भावाचे आयुष्य मागावे, ही आपल्या पूर्वजांची कल्पना मोठी विलक्षण म्हटली पाहिजे.

आम्हा नागपूरकडील मंडळींचे नागाशी नाते तर नावापासूनच जडलेले आहे. नाग नदीवरून ज्या शहरास नाव मिळाले, त्या नागपूरहून उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, कोलार नदीच्या काठी सावनेर वसले आहे. येथूनच सौंसर-छिंदवाड्याकडे रस्ता जातो आणि नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत पचमढीच्या डोंगरातील नागद्वाराकडे निघालेले विदर्भातील भाविक याच रस्त्याने पुढे जातात. पावसात भिजत, सातपुड्याचे कडे चढत नागदेवतेच्या दर्शनास जाणाऱ्या या यात्रेकरूंची श्रद्धा पाहिली की मन भरून येते.

परंतु याच दिवसांत सावनेरच्या परिसरात दुसरेही एक चित्र दिसते. कपाशीचे निंदण चालू असते, सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेले असते, संत्र्याच्या बागांतून गवत माजलेले असते. पावसाचे पाणी बिळांत शिरल्याने साप धुऱ्यावर, गोठ्यात, कुटाराच्या ढिगाऱ्यात आणि क्वचित घराच्या उंबऱ्याच्या आतही आश्रय शोधतात. बेडूक आणि उंदीर यांच्या मागावर ते माणसाच्या वाटेत येतात. मग एखाद्या संध्याकाळी निंदणाऱ्या बाईच्या हाताला काहीतरी लागते, किंवा जागलीला गेलेल्या तरुणाचा पाय अंधारात नको तेथे पडतो. ‘साप चावला’ असे शब्दही जुनी माणसे उच्चारत नाहीत. ‘पान लागले’ एवढेच म्हणतात. त्या दोन शब्दांनंतरचे पहिले दोन-तीन तास त्या घराने कसे घालवावेत, याविषयी आज या सणाच्या दिवशी वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात असे आम्हास वाटते.

वाटेत अडलेला वैद्य

परीक्षित राजाची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकल्यामुळे त्यांच्या पुत्राने, शृंगीने, सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरण येईल असा शाप राजास दिला. राजाने एका खांबावर उभारलेल्या महालात आश्रय घेतला. औषधी आणि मंत्रवेत्ते जवळ ठेवले. पुढे फळातील किड्याच्या रूपाने तक्षक आत शिरला आणि राजाचा अंत झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. याच कथेतील एक प्रसंग मात्र आपल्या सांगण्यातून पुष्कळदा गळून जातो.

सातव्या दिवशी काश्यप नावाचा एक ब्राह्मण हस्तिनापुराकडे निघाला होता. विष उतरवण्याची विद्या त्यास अवगत होती आणि राजास वाचवावे या हेतूनेच तो चालला होता. वाटेत तक्षक वृद्ध ब्राह्मणाच्या वेषात त्याला भेटला. त्याची परीक्षा पाहण्यासाठी तक्षकाने एका वटवृक्षास दंश केला. वृक्षाची राख झाली. काश्यपाने त्या राखेतून अंकुर, पाने, फांद्या असा सारा वृक्ष पुन्हा उभा केला. ही विद्या आपल्या विषावर मात करील हे ओळखून तक्षकाने राजापेक्षा अधिक धन देऊ केले. राजाचे आयुष्य संपले आहे असे अंतर्ज्ञानाने जाणून काश्यपानेही ते स्वीकारले आणि तो वाटेतूनच परतला.

महाभारतकारांनी या प्रसंगास नियतीचा आधार दिला आहे आणि त्याविषयी आम्ही वाद करीत नाही. तथापि विषावर उतारा होता, तो देणारा निघालाही होता, केवळ तो रुग्णापर्यंत पोहोचला नाही, एवढी गोष्ट कथेत स्पष्ट आहे. आज आपल्या भागात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू याच प्रकारचे असतात. औषध आहे, ते शासकीय रुग्णालयांत मोफत मिळते. परंतु औषध आणि माणूस यांची गाठ वेळेवर पडत नाही.

हे केवळ आमचे मत नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात असे आढळले की भारतात सर्पदंशाने मरण पावणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे ७७ जणांचा मृत्यू रुग्णालयाच्या बाहेर होतो. त्यापुढील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली असा अंदाज मांडला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य खेड्यांतील, आणि जून ते सप्टेंबर हा त्यांचा घातकाळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला आणि मार्च २०२४ मध्ये भारत सरकारनेही २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. योजना दिल्लीत ठरतात. त्यांचे यश मात्र शेताच्या धुऱ्यावर ठरते.

चार साप, दोन प्रकारचे विष

आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे शेतकऱ्याचे उंदीर-बेडूक खाणारे शेजारी होत. माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणशीला आपल्याकडे परड असेही म्हणतात. फुरशाचा उपद्रव कोकणात विशेष.

नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाची दोन दिसतात, मग गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते, मान धरवत नाही आणि अखेरीस श्वास घेणारे स्नायूच थकतात. नागाच्या दंशात जागा सुजते, दुखते, तेथील मांस काळे पडून सडूही शकते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोटात कळा येतात, मळमळते, घसा दुखतो. घरचे लोक अजीर्ण समजून सोडा-लिंबू देतात आणि दुपारपर्यंत पापण्या मिटलेल्या असतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसास पहाटे अकारण पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या जड वाटू लागल्या, तर प्रथम मण्यारीची शंका घ्यावी.

घोणशीचे आणि फुरशाचे विष रक्तावर जाते. रक्त गोठण्याची शक्तीच ते खाऊन टाकते. दंशाची जागा झपाट्याने सुजते, फोड येतात. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त वाहू लागते. घोणशीच्या दंशाने रक्तदाब घसरतो आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लघवी कमी होणे किंवा काळपट होणे हे त्याचे लक्षण होय. अशा रुग्णास काही दिवस, कधी काही आठवडे डायलिसिसवर ठेवावे लागते. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीसही इजा होते आणि बरा होऊन घरी गेलेला माणूस महिनोन्‌महिने अशक्त राहतो. म्हणून घोणशीचा दंश झालेल्याने घरी परतल्यावरही तपासणीस जाणे टाळू नये.

मंत्राला येणारे यश

गावात पान लागले की अजूनही पुष्कळदा रुग्णास प्रथम मारुतीच्या पारावर नेतात. कोणी निंबाचा पाला चावून पाहावयास देतो. कडू लागला नाही तर विष चढले असे ठरते. कोणी दोरीने, पदराने, सुतळीने पाय आवळून बांधतो. मांत्रिकास निरोप जातो. या साऱ्यांच्या मनात रुग्णाचे भलेच असते आणि मांत्रिकाच्या हातून माणसे वाचल्याच्या गोष्टीही खऱ्याच असतात. त्याचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापाच्या प्रत्येक दंशातही विष टोचले जातेच असे नाही. कित्येक दंश कोरडे असतात. ही माणसे मंत्र म्हटला तरी वाचणार आणि न म्हटला तरी वाचणार. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्याचे मात्र पारावर घालवलेले दोन तास पुढे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत.

देवाचे नाव घेऊ नये असे आम्ही कसे म्हणू? नाव अवश्य घ्यावे. चालत्या गाडीत घ्यावे, रुग्णाच्या उशाशी बसून घ्यावे. प्रार्थनेसाठी रुग्णास थांबवून ठेवण्याची गरज देवालाही नसते.

पहिली घटका

दंश झाला असता काय करावे, हे घरातील प्रत्येकास पाठ असावे.

रुग्णास प्रथम धीर द्यावा. घाबरून तो धावू लागला तर स्नायूंच्या हालचालीने विष अधिक वेगाने पसरते. म्हणून त्यास चालवू नये. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे काठी किंवा फळी लावून तो हात अथवा पाय सैलसर कपड्याने स्थिर करावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ तात्काळ काढावे, कारण सूज आल्यावर तेच फास बनतात. सौभाग्याचे लेणे कसे काढावे, असा विचार त्या क्षणी बाईच्या मनात येतो. तिच्या सौभाग्यासाठीच ते काढावयाचे आहे, हे घरातील वडीलधाऱ्या बाईने तिला सांगावे.

आवळपट्टी बांधू नये. तिने विष थांबत नाही. उलट रक्तपुरवठा तुटून अवयव कायमचा जाऊ शकतो. कोणी आधीच बांधली असेल तर वाटेत घाईने सोडू नये, रुग्णालयात डॉक्टरांच्या देखत सोडावी. जखम चिरू नये, तोंडाने चोखू नये, तिच्यावर बर्फ, चुना किंवा झाडपाला लावू नये. घोणशीच्या दंशानंतर रक्त गोठत नसते. अशा वेळी ब्लेडने चिरलेली जखम वाहतच राहते.

सापास मारण्यात अथवा शोधण्यात वेळ घालवू नये. विषारी चार सापांवर आपल्याकडे एकच औषध चालते आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात. दंश झाल्याची वेळ आणि पहिले लक्षण दिसल्याची वेळ मात्र कागदावर लिहून न्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर असेल तर मोटारसायकल चालेल. चालवणारा पुढे, रुग्ण मध्ये आणि त्यास धरणारा मागे, अशा रीतीने न्यावे. उलटी होत असल्यास किंवा शुद्ध हरपत असल्यास कुशीवर निजवावे.

घोड्याचे ऋण

सर्पविषावरील लस हे काश्यपाच्या विद्येचे आजचे रूप म्हणावे लागेल. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास ती प्रथम सिद्ध केली. आपल्याकडे मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कामी पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले. घोड्याच्या अंगात विषाचे अल्प, सोसवतील असे डोस टोचतात. त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार करणारी द्रव्ये तयार होतात आणि तीच शुद्ध करून कुपीत भरतात. एका मुक्या प्राण्याच्या रक्ताने माणसाचा जीव वाचतो, ही गोष्ट प्राण्यांची पूजा करणाऱ्या आपल्या समाजाने विसरू नये.

ही लस शिरेतून, सलाईनमध्ये मिसळून, सुमारे तासाभरात देतात. सुरुवात साधारणतः दहा कुप्यांनी होते. लहान मुलासही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. म्हणून ‘पोराला एवढे औषध कशाला’ असे म्हणून डॉक्टरांचा हात धरू नये. गर्भवतीसही ती देतात. मात्र दंश झाला म्हणून सरसकट देत नाहीत. विषाची लक्षणे दिसली तरच देतात. रक्तावरील विषाची परीक्षा फार सोपी आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हलू न देता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठत नाही हे सिद्ध होते. लक्षणे नसली तरी रुग्णास चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात. ‘काही झाले नाही, घरी चला’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

घोड्याचे द्रव्य असल्याने काहींना या लशीची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, रक्तदाब उतरतो. त्यावर ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा तात्काळ उपाय आहे आणि म्हणूनच ही लस रुग्णालयातच घ्यावयाची असते. नागाच्या दंशात निओस्टिग्मीन आणि ॲट्रोपीन या औषधांनी स्नायूंची शक्ती परत येण्यास मदत होते. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकेच बिघडतात. तेथे लस उशिरा पोहोचली तर झालेली इजा ती भरून काढू शकत नाही. टोके पुन्हा नीट होईपर्यंत रुग्णास कृत्रिम श्वसनयंत्रावर जगवावे लागते. अशा रुग्णाचे डोळे मिटलेले, अंग निपचित, हाक मारल्यास उत्तर नाही. पाहणारास तो गेलाच असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो आत जागा असतो आणि सारे ऐकत असतो. म्हणून त्याच्या उशाशी रडारड करू नये. त्याचे नाव घेऊन त्याच्याशी बोलावे. श्वासयंत्रावर आठवडा काढून चालत घरी गेलेली माणसे अनेक रुग्णालयांनी पाहिली आहेत.

सावनेर ते नागपूर

सावनेरहून नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तेथील श्वसनयंत्रे, डायलिसिसची सोय एका तासाच्या अंतरावर आहे. हे आपले भाग्यच. पण या जवळिकीमुळेच एक चूक घडते. ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊ’ म्हणून जवळचे रुग्णालय ओलांडून लोक थेट शहराकडे धावतात आणि श्वास वाटेतच अडखळतो. प्रथम जवळच्या, लस उपलब्ध असलेल्या शासकीय रुग्णालयात जावे. तेथे लस सुरू करून, श्वासाची काळजी घेऊन, गरज असेल तर रुग्णवाहिकेने पुढे न्यावे. आपल्या गावाजवळ लस कोठे मिळते, हे पाऊस सुरू होण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने फलकावर लिहून ठेवावे.

खेड्यातील दवाखान्यात काय होणार, असे मानणाऱ्यांनी कोकणातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण पाहावे. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या या डॉक्टरांनी रुग्णांच्या खाटेशी रात्री जागवून विंचूदंशावर उपचार शोधला. तेथील मृत्यूंचे भयंकर प्रमाण त्यामुळे अत्यल्प झाले. सर्पदंशाविषयीही त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून लिहिले. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. साधने थोडी असली तरी रुग्ण वेळेवर आला आणि डॉक्टर त्याच्यापाशी बसून राहिला, तर मृत्यू मागे सरतो, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.

नागाचे व्रत वर्षभर

नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिले मरतात, ती क्रोधाने घरातल्यांना दंश करते आणि पाटावर नागाचे चित्र काढून मनोभावे पुजणाऱ्या लेकीपाशी येऊन मात्र शांत होते. जमिनीखालीही कोणाचे तरी घर आहे, हे भान त्या कहाणीने आपल्याला दिले. ते वर्षभर बाळगले तर दंश टळतील आणि सापही वाचतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांस अभय दिलेच आहे. साप दूध पिणारा प्राणी नव्हे. टोपलीतला नाग तहानेने व्याकूळ झालेला असतो म्हणून तो वाटीत तोंड घालतो. पाटावरच्या नागास दूध दाखवावे आणि जिवंत नागास त्याचे शेत मोकळे सोडावे, यात पूजेला काहीही उणे येत नाही.

आणि भावाचा उपवास करणाऱ्या भगिनींना आमची एक विनंती आहे. उपवास सोडताना भावाकडून ओवाळणीत साडी मागण्याऐवजी यंदा वचन मागावे. रात्री ओलिताला जाताना तो पायांत गमबूट घालील, हातात बॅटरी आणि काठी घेईल. गवतात, कुटारात, लाकडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवून पाहील. जमिनीवर न झोपता बाजेवर झोपेल आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचील, कारण मण्यारीपासून तेवढे पातळ कापडही रक्षण करते. घराभोवतीचा कचरा आणि धान्याचे सांडलवंड काढील, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि त्यांच्यामागे सापही येणार नाही. आणि घरात कोणाला पान लागलेच, तर पारावर न थांबता तो थेट रुग्णालयाची वाट धरील.

परीक्षिताचा काश्यप वाटेतून परतला आणि पुढे जनमेजयाच्या सर्पसत्रात असंख्य नागांची आहुती पडली. आस्तिकाने मध्यस्थी केली तेव्हा ते सत्र थांबले. एका न पोहोचलेल्या वैद्यापायी माणूसही गेला आणि नागकुळेही गेली. आजचा काश्यप सावनेरच्या रुग्णालयात लशीची कुपी घेऊन उभा आहे. त्याच्यापर्यंत आपल्या माणसास वेळेवर नेणे हे आता आपल्या हाती आहे. नागदेवता सर्वांच्या घरी सुखरूप नांदो आणि कोणत्याही बहिणीचा भावासाठी धरलेला उपवास वाया न जावो, हीच या पंचमीस आमची प्रार्थना.